गोधडी ते सिरॅमिक : माझ्या चिलखतांची गोष्ट

(रौप्यमहोत्सवानिमित्त आपल्या क्लब हाऊसमध्ये झालेल्या सभासदांच्या छंदांवरील कार्यक्रमातले हे भाषण. बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



माझ्याआधी बोन्सायवर इतकं सुंदर बोलणं झालं, त्याआधी जुन्या नाण्यांवर झालं. त्यानंतर लष्कराच्या जुन्या बुलेटप्रूफ जॅकेटांवर बोलायचं म्हणजे जेवणात आमरसानंतर कारल्याची भाजी वाढल्यासारखं आहे. पण सेक्रेटरीबाईंनी नाव लिहून घेतलं, आता इलाज नाही.

पहिली गोष्ट आधीच सांगून टाकतो. आपल्या बिल्डिंगमध्ये एकही चिलखत नाही. माझ्याकडची आठही जॅकेटं अमेरिकेत मुलाच्या गॅरेजमध्ये आहेत. असला माल देशाबाहेर न्यायचा तर तिथले कायदे कडक आहेत, आणि या वयात विमानतळावर कुणाला समजावत बसायची माझी इच्छा नाही. सूनबाईंची तक्रार आहे की बाबांच्या जॅकेटांमुळे गाडी बाहेर उभी करावी लागते. ती तक्रार रास्त आहे.

म्हणून आज पडद्यावर फोटो आहेत, आणि टेबलावर ही एक वस्तू आहे. ही आमच्या हिने जुन्या चादरींची शिवलेली गोधडी. मुद्दाम मोजून बारा थरांची. बाराच का, ते पुढे येईल. पहिल्या रांगेतल्या मुलांपैकी कुणीतरी एकाने या आणि हे दाभण या गोधडीतून घालून दाखवा. सांभाळून, बोटाला लागेल... गेलं? गेलं ना आरपार! शाबास. आता हा पेन्सिलीचा मागचा, बोथट भाग घाल. दाब. आणखी दाब. नाही ना जात? बस खाली. आजचं निम्मं भाषण तू करून दाखवलंस.

तुम्हांला ठाऊक आहेच, मी गिरणीतला माणूस. आयुष्य साचेखात्यात गेलं. ताणा आणि बाणा, उभा धागा आणि आडवा धागा, यापलीकडे मला फारसं काही कळत नाही. दाभण टोकदार असतं, ते धागे तोडत नाही, बाजूला सारून वाट काढतं. बोथट वस्तूला मात्र प्रत्येक धागा ताणून तोडावा लागतो. कापडाचं चिलखत चालतं ते एवढ्यावरच. गोळी थरांवर आदळते, चपटी होते, तिचा जोर धाग्यांच्या लांबीवरून आजूबाजूला पसरतो, उरलेला पुढच्या थरावर जातो. फुटबॉल जाळीत शिरतो आणि जाळी मागे फुगते, तसं. म्हणूनच पिस्तुलाची गोळी अडवणाऱ्या मऊ जॅकेटातून सुरा जाऊ शकतो. लोकांना हे खरं वाटत नाही, पण आत्ता तुमच्यासमोर झालं.

आता हा छंद लागला कसा. २०११ साली मी रिटायर झालो आणि पुढच्या वर्षी नातीच्या जन्माच्या वेळी आम्ही दोघं नॉर्थ कॅरोलायनात रॅलेला मुलाकडे गेलो. तिथून तासाभराच्या अंतरावर फेएटव्हिल नावाचं गाव आहे. शेजारी फोर्ट ब्रॅग ही छत्रीधारी सैनिकांची मोठी छावणी. छावणीचं गाव म्हटलं की लष्करातून निघालेल्या जुन्या मालाची दुकानं आलीच. बूट, तंबू, पाण्याच्या बाटल्या, कोट. मुलगा मला तिथलं छत्रीधारी सैन्याचं म्युझियम दाखवायला घेऊन गेला होता. येताना मी एका दुकानात नुसता पाय मोकळे करायला शिरलो. खुंटीवर एक हिरवट, मळकं जाकीट टांगलेलं होतं. उचललं तर चार किलोच्या आसपास. कापडाचं जाकीट इतकं जड कसं, म्हणून शिवणीच्या कडेला बोट घालून पाहिलं. आत थरावर थर नायलॉन. मी जागचा हललोच नाही. चाळीस वर्षं कापडात काढली, पण माणसाचा जीव वाचवण्यासाठी विणलेलं कापड तोवर हातात घेतलं नव्हतं.

ते होतं एम-६९, व्हिएतनाममध्ये अमेरिकी सैनिकांनी वापरलेलं. कॉलर उभी असते, त्यावरून ओळखायचं. हे माझं पहिलं.

गोळा करणाऱ्याला पहिली गोष्ट शिकावी लागते ती लेबल वाचणं. जाकिटाच्या आत एक कापडी लेबल असतं. त्यावर मालाचं नाव, साइज, धुण्याच्या सूचना आणि कंत्राटाचा नंबर. त्या नंबरात 'डीएसए १००' नंतर दोन आकडे येतात, समजा ६८, की समजायचं कंत्राट १९६८ सालच्या हिशेबातलं. डीएसए म्हणजे तिथली लष्कराला माल पुरवणारी संस्था. १९७७ मध्ये तिचं नाव बदलून डीएलए झालं. म्हणजे लेबलावर डीएलए दिसलं आणि दुकानदार सांगतोय की हे व्हिएतनाममधून आलंय, तर आपण हसून पुढच्या खुंटीकडे जायचं. नाणीवाल्या काकांना हे लगेच कळेल.

दुसरी गोष्ट, लेबलावरचं नाव. एम-६९ वर 'बुलेटप्रूफ' असा शब्दच नाही. त्याचा अर्थ होतो 'तुकड्यांपासून संरक्षण'. तोफगोळा किंवा हातबॉम्ब फुटल्यावर उडणारे धातूचे तुकडे. ज्यांनी बनवलं त्यांनी स्वच्छ लिहून ठेवलंय की हे कशासाठी आहे. आपण मात्र सगळ्यालाच बुलेटप्रूफ म्हणतो. हा शब्दाचा घोळ एक दिवस माझ्या अंगाशी येता येता राहिला. ते शेवटी सांगतो.

चिलखत आपल्याला नवीन नाही. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाखाली महाराज अंगरख्याच्या आत चिलखत घालून गेले होते, हे इथल्या चौथीतल्या पोरालाही पाठ आहे. पण पुढे बंदुका सुधारल्या आणि जगभर चिलखत मागे पडलं. गोळी अडवायची तर पत्रा इतका जाड लागे की माणूस चालूच शकत नसे.

पहिल्या महायुद्धात ते परत आलं. गंमत अशी की अमेरिकेच्या सैन्यासाठी शिरस्त्राणं आणि चिलखतं आखायला ज्यांना बोलावलं, ते बॅशफर्ड डीन हे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये जुन्या शस्त्रांचे आणि चिलखतांचे क्युरेटर होते. म्हणजे मध्ययुगातल्या सरदारांची चिलखतं जपणाऱ्या माणसाला मेजर केलं! त्या काळचं ब्रूस्टर नावाचं एक पोलादी कवच होतं, वजन अठरा किलोच्या घरात. ते घालून धावणं दूरच.

दुसऱ्या महायुद्धात खरी कलाटणी मिळाली ती एका डॉक्टरमुळे. कर्नल माल्कम ग्रो हे इंग्लंडमध्ये अमेरिकेच्या आठव्या हवाई दलाचे सर्जन होते. बाँबर विमानांतून जखमी होऊन येणाऱ्या पोरांच्या जखमा त्यांनी तपासल्या. बहुसंख्य जखमा वेगवान गोळ्यांच्या नव्हत्याच, वेग कमी झालेल्या तुकड्यांच्या होत्या. म्हणजे सगळं अडवायची गरजच नव्हती! जे सर्वांत जास्त लागतं, तेवढं अडवलं तरी कितीतरी जीव वाचतात. त्यांनी इंग्लंडच्या विल्किन्सन स्वोर्ड कंपनीकडून नमुना करून घेतला. हो, तेच विल्किन्सन, ज्यांच्या ब्लेडने इथल्या अनेकांनी दाढ्या केल्या. मँगनीज पोलादाचे छोटे चौकोन, एकावर एक थोडे चढवून, कॅनव्हासमध्ये शिवलेले. आपल्या कौलांसारखे. पुढचं-मागचं मिळून आठेक किलो.

त्यात एक पट्टा होता. तो ओढला की अख्खं जाकीट सुटून खाली पडे, कारण विमान पेटलं तर उडी मारायला क्षणाचीही सवड नसते. हा पट्टा लक्षात ठेवा, तो साठ वर्षांनी परत येणार आहे.

मग कोरिया. १९५०च्या त्या युद्धात मरीन सैनिकांनी डोरॉनच्या पट्ट्या वापरल्या. डोरॉन म्हणजे काचतंतूंचे थर राळेत दाबून केलेला कडक पत्रा. भूदलाने मात्र कापडाची वाट धरली, एम-१९५२. त्यात नायलॉनचे किती थर? बारा! आली ना गोधडी? माझ्याकडे एम-१९५२ एक आहे. पाठीकडून पाहिलं तर साधं थंडीतलं जाकीट वाटतं.

व्हिएतनामला गेल्यावर वेगळीच अडचण झाली. उकाडा. आपण मे महिन्यात लोकलमध्ये उभे आहोत, अंगावर चार किलोची गोधडी आणि पाठीवर सामान. कित्येक सैनिक जाकीट उघडं ठेवत, उशाला घेत, नाहीतर त्यावर बसत. माझ्याकडच्या दोन एम-६९ पैकी एकाची चेन पुढून अगदी कोरी आहे, आणि पाठीचा भाग मात्र बसून बसून झिजलाय. त्यावरून मी समजायचं ते समजलो. त्याच युद्धात हेलिकॉप्टरच्या माणसांना सिरॅमिकच्या प्लेटा मिळाल्या. ते बसून असतात, त्यांना वजन चालतं. सिरॅमिक म्हणजे आपल्या बाथरूमच्या टाइल्सचं लांबचं नातलग, पण पोलादापेक्षा कठीण. रायफलची गोळी त्यावर आदळून फुटते आणि मागचा थर तुकडे झेलतो. प्रत्येक टाइलसारखीच ही प्लेटही आपटली तर तडकते, आणि बाहेरून कधीकधी दिसतही नाही.

आता आमच्या धंद्यातली गोष्ट. १९६५ साली अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीत स्टेफनी क्वोलेक या बाई टायरसाठी हलका आणि मजबूत धागा शोधत होत्या. त्यांच्या हाती एक पातळ, गढूळ द्रावण लागलं. असलं द्रावण सहसा फेकून देतात. बाईंनी ते सूत काढायच्या यंत्रातून काढून पाहायचा आग्रह धरला, आणि केव्हलारचा शोध लागला. वजनास वजन पोलादाच्या पाचपट ताकद. रंग सोनेरी पिवळा, आपल्या टसर रेशमासारखा. १९७५च्या डिसेंबरमध्ये सिएटल शहरात एका पोलिसाचा जीव केव्हलारच्या जॅकेटने वाचला, प्रत्यक्ष कामावर असा वाचलेला तो पहिला मानतात.

लष्करात ते आलं १९८०च्या दशकात. त्या जॅकेटला पॅसगट म्हणतात. केव्हलारचे तेरा थर, आणि वजन पुन्हा चार किलोच्या आसपासच. धागा इतका सुधारला, तर वजन अर्ध्यावर यायला हवं होतं ना? नाही आलं. आणि इथे मला या सगळ्या प्रकरणाची किल्ली सापडली. धागा सुधारला की माणूस हलका होत नाही. वजन तेवढंच राहतं, संरक्षण वाढतं. माणूस किती ओझं सहन करतो ते ठरलेलं असतं आणि ते शेवटच्या ग्रॅमपर्यंत वापरलं जातं. आपल्या घरांसारखंच आहे. वन बीएचकेतून टू बीएचकेत आलो, अडगळ काही कमी झाली नाही.

यानंतर कापड आणि सिरॅमिक एकत्र आलं. १९९३ साली सोमालियात मोगादिशूला जे अमेरिकी रेंजर उतरले, त्यांच्या जॅकेटात छातीपुरती प्लेट होती. पाठीची प्लेट नंतर आली. कुणाच्या तरी पाठीत गोळी गेल्यावर असल्या सुधारणा होतात, हे वेगळं सांगायला नको. आणि १९९०च्या दशकाच्या शेवटी इंटरसेप्टर आलं. आपली सोसायटी रजिस्टर झाली त्याच सुमाराला, म्हणजे ते आपल्याच वयाचं. मऊ जाकीट साधारण पावणेचार किलोचं, आणि पुढे-मागे घालायच्या दोन सिरॅमिक प्लेटा, प्रत्येकी पावणेदोन-दोन किलोच्या. एकूण साडेसात किलोच्या आत, आणि रायफलची गोळी अडवण्याची सोय. तेव्हा हा मोठा पल्ला होता.

पण २००३ मध्ये इराकचं युद्ध सुरू झालं तेव्हा सगळ्यांना पुरतील एवढ्या प्लेटा तयार नव्हत्या. जगातलं सर्वांत श्रीमंत सैन्य, आणि पोरांच्या आई-बापांनी, बायकांनी स्वतःच्या पैशांनी प्लेटा विकत घेऊन पार्सलने पाठवल्या. पुढे २००४ मध्ये हे पैसे परत द्यायची तरतूद तिथल्या संसदेला करावी लागली. हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ गप्प बसलो होतो. का, तेही शेवटी.

मग मेलेल्यांच्या जखमांचा अभ्यास झाला. लष्कराच्या डॉक्टरांनी पाहिलं की कित्येक जखमा प्लेटेच्या अगदी बाजूला आहेत. कुशीत, खांद्यावर, जिथे प्लेट नव्हती तिथे. म्हणून कुशीच्या प्लेटा आल्या, दंडाचे पट्टे आले, मानेचा पट्टा, मांडीचा पडदा. २००७ चं सुधारित इंटरसेप्टर सगळं चढवलं की चौदा किलोच्या घरात जातं. गाडी पाण्यात पडली, पेटली, तर माणूस त्यातून निघणार कसा? म्हणून त्याला एक दोरी दिली. ओढली की सगळं सुटून पडतं. आला ना आपला बाँबरवाला पट्टा परत? मधल्या साठ वर्षांत तो कुणाला आठवला नसेल असं नाही, पण गरज पुन्हा पडेपर्यंत कुणी शिवला नाही.

आणि एवढं सगळं झाल्यावर अफगाणिस्तानच्या डोंगरांत गेल्यावर काय झालं? सैनिक म्हणाले, हे घालून चढताच येत नाही. हळू चालणारा माणूस जास्त वेळ दिसतो आणि जास्त गोळ्या खातो. म्हणून पुन्हा काढाकाढी. नुसत्या दोन प्लेटा आणि त्या धरणारे पट्टे, एवढंच. जे अंगावर चढवायला वीस वर्षं लागली, ते उतरवायला दोन-तीन वर्षं पुरली.

महिलांसाठी एक सांगतो. ही सगळी जॅकेटं पुरुषांच्या मापाने बेतलेली होती. बायकांना ती खांद्यावर सैल आणि छातीवर घट्ट, खाली कमरेत टोचणारी, आणि बंदूक खांद्याला नीट लागेना. बायकांच्या अंगाप्रमाणे वेगळं बेतलेलं जाकीट अमेरिकी सैन्यात तपासायला घेतलं ते २०१० नंतर. आमची ही म्हणाली, "शिंप्याला विचारलं असतं तर पहिल्या दिवशी सांगितलं असतं." खरं आहे.

आता ती शेवटी सांगायची गोष्ट.

माझा भाचा सोलापूरला एका खाजगी कंपनीच्या कॅश व्हॅनवर गार्ड आहे. एटीएममध्ये पैसे भरतात ती गाडी. २०१६ साली मी अमेरिकेत असताना त्याचा फोन आला. "मामा, तुमच्याकडे एवढी जॅकेटं आहेत. एक मला आणा की. कंपनी काही देत नाही. मागच्या महिन्यात आमच्या ओळखीतल्या गाडीवर गोळीबार झाला. आई रोज देवाजवळ बसते."

माझी बहीण माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. मी लगेच हो म्हणालो. माझ्याकडे तीन पॅसगट होती. त्यातलं सर्वांत चांगलं दिसणारं काढलं, ब्रशने साफ केलं, बॅगेत तळाशी घातलं. कायद्याचा विचार त्या वेळी डोक्यात आलाही नाही. वर हिने साड्या रचल्या.

जायच्या आदल्या आठवड्यात फेएटव्हिलच्या त्या दुकानात गेलो होतो. दुकानदार म्हातारा, स्वतः छत्रीधारी सैन्यातून निवृत्त झालेला. बोलता बोलता मी हे कौतुकाने सांगितलं. त्याने हातातलं काम ठेवलं आणि विचारलं, "कोणत्या गोळीपुढे उभा राहणार आहे तुझा भाचा?" मला उत्तर देता आलं नाही. तो आत गेला आणि फाटक्या कव्हरचं एक पॅसगट घेऊन आला. कात्रीने ते उघडलं आणि म्हणाला, "तू कापडवाला ना? बघ."

मी पाहिलं. वरचे थर पिवळे राहिले नव्हते, तपकिरी झाले होते. केव्हलारला ऊन सोसत नाही. वर्षानुवर्षं एकाच जागी दुमडून ठेवलेलं होतं, त्या घडीवर धाग्यांचे तंतू पिंजारले होते. कव्हर फाटल्यामुळे ओल आत गेली होती, आणि ओल्या केव्हलारची गोळी अडवायची ताकद कमी होते. आमच्या गिरणीत असला तागा आला असता तर मी चिंधीच्या भावात काढला असता. आणि तो नवा असता तरी काय? ते जाकीट तुकड्यांसाठी बनवलेलं. रायफलपुढे त्याचा उपयोग शून्य. लेबल वाचायला मीच सगळ्यांना शिकवतो, आणि स्वतःच्या भाच्याच्या वेळी मीच ते वाचलं नाही.

घरी येऊन मी बॅग उघडली. ते जाकीट बाहेर काढलं. त्या रात्री भाच्याला फोन केला. तो नाराज झाला. म्हणाला, "मामा, काहीच नसण्यापेक्षा काहीतरी असलेलं बरं नाही का?"

मंडळी, या प्रश्नावर मी आठ-नऊ वर्षं विचार करतोय. थंडीला गोधडी नसेल तर पोतं पांघरलेलं बरं, हे खरं. पण इथे तसं नाही. अंगावर जाकीट नसलेला माणूस गोळीबार झाला की खाली पडतो, गाडीमागे लपतो. अंगावर जाकीट असलेला माणूस उभा राहतो, कारण त्याचा त्या जाकिटावर विश्वास असतो. खोट्या चिलखतापेक्षा उघडी छाती जास्त सावध असते. हे मी एकटाच म्हणत नाही. झायलॉन नावाचा एक नवा, केव्हलारपेक्षा सरस धागा आला होता. अमेरिकेत हजारो पोलिसांनी त्याची जॅकेटं घातली. २००३ मध्ये पेनसिल्व्हेनियात एका पोलिसाला त्या जॅकेटातून गोळी आरपार लागली. उष्णतेने आणि ओलीने तो धागा आतल्या आत कमजोर होत होता, आणि २००५ मध्ये सरकारने त्या जॅकेटांची मान्यता काढून घेतली. वरून सगळं नवंकोरं दिसत होतं.

भाच्याला मी एवढंच म्हटलं, "तुझ्या कंपनीकडे माग. लेखी माग. सगळ्यांनी मिळून सही करून माग. आणि जे देतील त्याच्या आतलं लेबल वाचून मला फोटो पाठव." त्यांनी अर्ज केला. दीड वर्षाने व्हॅनवर जॅकेटं आली. चांगली, चाचणी झालेली. पण दोन. गाडीवर माणसं चार. मी विचारलं, मग कसं करता? तो म्हणाला, "दार उघडल्यावर जे दोघं आधी उतरतात, ते घालतात." आज तो आधी उतरला की मागे राहिला, हे माझी बहीण रोज रात्री त्याला विचारते. इराकला प्लेटा पाठवणाऱ्या त्या आया मला का आठवत होत्या, ते आता तुमच्या लक्षात आलं असेल.

आपल्या मुंबईलाही हा प्रश्न नवीन नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांच्या हातात लाठी होती, अंगावर साधा गणवेश. त्यानंतर कितीतरी दिवस पोलिसांच्या जॅकेटांच्या दर्जाची चर्चा आपण पेपरात वाचत होतो. आपल्याकडे बुलेटप्रूफ जॅकेटचं भारतीय मानक, आयएस १७०५१, आलं ते २०१८ साली. त्याच वर्षी सैन्यासाठी १,८६,१३८ जॅकेटांचं कंत्राट झालं, ६३९ कोटींचं. कानपूरची डीआरडीओची प्रयोगशाळा आणि दिल्लीची आयआयटी हलक्या जॅकेटांवर काम करतात. म्हणजे काम चालू आहे. उशिरा का होईना, चालू आहे.

शेवटचं. हे भाषण तयार करताना मी बी विंगमधल्या आपल्या सुभेदारसाहेबांकडे गेलो होतो. ते मागे बसलेत, त्यांना नाव घेतलेलं आवडत नाही. काश्मीरमध्ये त्यांनी जाकीट आणि डोक्याला तो बुलेटप्रूफ पटका, दोन्ही वर्षानुवर्षं वापरलं. मी त्यांना माझे सगळे फोटो दाखवले, थर सांगितले, वजनं सांगितली, कंत्राटाचे नंबर सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि एकच विचारलं, "यात बसून जेवता येतं का हो?"

मी आठ जॅकेटं गोळा केली, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. ते म्हणाले, "आम्हांला विचारायला कुणी येत नसे. पटक्याने कपाळाला वळ पडायचे, खाली पाहिलं की तो डोळ्यांवर यायचा. पण काढायचो नाही. शेजारच्याने एकदा काढला होता." पुढे ते काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. वहिनींनी चहा आणला.

म्हणून गोळा करणाऱ्यांसाठी माझे तीनच नियम आहेत. लेबल वाचा. घडी घालून ठेवू नका, सावलीत पसरून टांगून ठेवा. आणि जुनं चिलखत कुणालाही, अगदी प्रेमानेसुद्धा, वापरायला देऊ नका. जुन्या प्लेटा कुणी विकायला आणल्या तर घेऊच नका, त्या बऱ्याचदा सरकारी मालमत्ता असतात. माझ्याकडे इंटरसेप्टरचं आहे ते नुसतं वरचं कव्हर आहे, आत काही नाही. म्युझियमसाठी तेवढं पुरतं.

ही गोधडी मात्र कार्यक्रमानंतर आमच्या रात्रपाळीच्या वॉचमनकाकांना द्यायची आहे, असं हिने ठरवलंय. दाभणाचं भोक तिने आत्ता बसल्या बसल्या शिवलंय. ती गोळी अडवणार नाही. पण डिसेंबरातली थंडी अडवेल, आणि तिच्यावर तसं लेबल लावायचीही गरज नाही.

 प्रश्न असतील तर जेवणाच्या रांगेत विचारा. सुभेदारसाहेबांना विचारलंत तर उत्तरं जास्त चांगली मिळतील.